केस चालू द्या, कुऱ्हाड काकांकडे ठेवा

प्रश्न : सिस्टर, सलाम.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 31. सहा एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन आणि तूर. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. गावात आमची चारच घरं, उपासनेला तालुक्याला जातो.

मागच्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, शेजारच्या वावरवाल्यानं ट्रॅक्टर घालून धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कोरला. बाबा फक्त सांगायला गेले होते. बाप-लेकानं मिळून त्यांना बंडीच्या उभारीनं मारलं. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली, डोक्याला टाके पडले. प्लेट टाकली, पण मूठ अजून वळत नाही. बाबा 62 वर्षांचे आहेत. उपासनेत ढोलक तेच वाजवायचे. आता आई दुधात भाकर कुस्करून देते आणि ते डाव्या हातानं चमच्यानं खातात. मला ते बघवत नाही, मी उठून बाहेर जातो.

ते दोघं लवकरच जमानतीवर सुटले. पोरगा आमच्या घरासमोर आला की मोटरसायकल मुद्दाम रेस करतो. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि पोलीस पाटील येऊन गेले. म्हणाले, "एकाच गावात राहाचं हाय भाऊ, दवाखान्याचा खर्च देतो म्हन्ते थे, मिटवून टाका." आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक पुढारी वडीलही प्रार्थना सभेत सगळ्यांसमोर म्हणाले की क्षमा केल्याशिवाय देव तुमची प्रार्थना ऐकणार नाही, केस मागे घ्या, तीच तुमची साक्ष होईल. आईलाही तेच वाटतं. दुसरीकडे तालुक्यातले दोन तरुण म्हणतात, व्हिडिओ करू, ख्रिस्ती कुटुंबावर हल्ला झाला म्हणून टाकू, मग बघ कसे हलतात. खरं सांगायचं तर त्या घरची माणसं माझ्या आजोबांच्या मातीला खांदा द्यायला आली होती.

प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथं आलो की माझं तोंड बंद होतं. रात्री एक वाजता जाग येते ती येतेच. एका रात्री मी कुऱ्हाड घेऊन त्यांच्या गोठ्यापर्यंत गेलो. कुत्रं भुंकलं म्हणून परतलो. हे घरात कोणाला माहीत नाही. समोरच्या गल्लीत काका राहतात, त्यांनाही नाही.

सिस्टर, मी ख्रिस्ती राहिलो का?

– एक कास्तकार

उत्तर : भाऊ, सलाम.

हे पत्र वाचून झालं की पहिलं काम कुऱ्हाडीचं. ती काकांच्या घरी नेऊन ठेवा. सरपण फोडायचं असेल तेव्हा काकांकडून मागून आणा आणि संध्याकाळी परत करा. काकांना कारण सांगा. सगळं सांगवत नसेल तर "रात्री माझं डोकं ठिकाणावर नसतं, ही तुमच्याकडं राहू द्या" एवढं पुरे. जाणत्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही.

मी एवढ्या घाईनं हे का लिहिते ते ऐका. माझी सारी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली. मृग लागला की आमच्याकडं धुऱ्याच्या मारामारीचे पेशंट सुरू होत. आधी मार खाल्लेला यायचा. दोन-चार दिवसांनी ज्यानं मारलं होतं तो यायचा, कारण पहिल्याच्या भावानं नाहीतर पोरानं त्याला गाठलेलं असायचं. दोघांच्या आया एकाच व्हरांड्यात, एकमेकींकडं पाठ करून बसायच्या. एका वर्षी तुमच्याच वयाचा एक जण आला होता. बापाचा बदला घ्यायला गेला, समोरच्याला जायबंदी केलं आणि स्वतःही फुटला. हाताला बेडी, खाटेजवळ स्टुलावर पोलीस शिपाई. मी सलाईन लावत होते तर त्यानं मला एकच विचारलं, "सिस्टर, तिकडं पानी आला काय?" त्याचं वावर पेरायचं राहिलं होतं. पेरणारा बाप वॉर्डात होता आणि हा बेडीत. पुढं वकिलासाठी त्या घरानं जमीन गहाण टाकली. ज्या धुऱ्यासाठी भांडले, तो धुरा दोन्ही घरांच्या हातून गेला.

आता तुमचा प्रश्न. हो, तुम्ही ख्रिस्ती आहात. राग आला म्हणून कोणी ख्रिस्ताच्या बाहेर पडत नाही. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात हात वाळलेला माणूस सभास्थानात उभा आहे आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी त्याला बरं केलं तर येशूवर दोष ठेवू म्हणून लोक टपून बसलेत, तेव्हा येशूनं त्यांच्याकडं रागानं पाहिलं असं स्पष्ट लिहिलंय. एका माणसाच्या निकामी हाताची बाजूच्यांना काही पडलेली नाही, हे पाहून प्रभूला राग आला. तुमच्या बाबांचा हात मोडला आणि गाव म्हणतं मिटवून टाका. तुमच्या रागाचं मूळ फार वेगळं नाही. बापाला उभारीनं मारलेलं पाहून ज्याला राग येत नाही त्याची मला जास्त काळजी वाटली असती.

आणि तो राग देवापुढं बोलायला पवित्र शास्त्रानंच शब्द दिले आहेत. स्तोत्र 109 काढा. त्याची मुलं पोरकी होवोत, सावकार त्याचं सगळं हिरावून नेवो, असं तिथं शत्रूबद्दल देवाला सांगितलंय. स्तोत्र 137 चा शेवट तर वाचताना जीभ अडखळते. आपल्या मंडळ्यांत ही स्तोत्रं वगळून पुढं जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मार खाल्लेल्या माणसाला उपासनेत बसून जे बोलायचं असतं ते नेमकं तिथं आहे. ज्यानं ती रचली त्यानं मनातलं एकही विष लपवलं नाही, सगळं देवापुढं ओतलं आणि निकाल देवावर सोडला. तुम्ही वावरात एकटे असाल तेव्हा 109 मोठ्यानं वाचा. त्या बाप-लेकाची नावं घेऊन वाचावंसं वाटलं तर तसं वाचा. देव दचकत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सूड देवाकडं सोपवायला सांगितलंय. सोपवायचं तर आधी तो मनातून काढून त्याच्यासमोर ठेवावा लागतो, आत दाबून ठेवलेला राग सोपवता येत नाही.

तुम्हाला कोणी ना कोणी इफिसकरांस पत्राचं वचनही ऐकवलं असेलच, "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये". हे वचन मार खाल्लेल्याच्या तोंडावर मारलं जाताना मी फार वेळा पाहिलंय, जणू दिवस बुडायच्या आत हसून दाखवलं नाही तर तोच गुन्हेगार. त्याच वचनाची सुरुवात "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका" अशी आहे आणि पुढं सैतानाला वाव देऊ नका असं म्हटलंय. तुमच्या बाबतीत तो वाव रात्री एकला मिळतो. म्हणून दिवस मावळायच्या आत एवढं करा. रोज संध्याकाळी काकांच्या ओट्यावर जा आणि आज काय झालं, कुठं डोकं फिरलं, ते बोलून या. मोटरसायकल रेस केली तर तेही सांगा. राग त्यानं लगेच जाणार नाही. पण रात्रीपर्यंत तो तुमच्या एकट्याकडं राहणार नाही.

केस मागे घेण्याबद्दल मी स्पष्ट लिहिते. घेऊ नका.

मंडळीतल्या ज्या वडिलांनी सभेत तुम्हाला उभं करून सुनावलं, त्यांना माझा आदरपूर्वक सलाम सांगा आणि 2 शमुवेल 13 वाचायची विनंती करा. दावीद राजाच्या घरात त्याच्या मुलीवर, तामारवर, तिच्या सावत्र भावानं, अम्नोननं बळजबरी केली. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. दावीद राजाला हे कळलं तेव्हा त्याला फार राग आला, असं लिहिलंय. पुढच्या ओळीत त्यानं काय न्याय केला ते शोधाल तर काहीच सापडणार नाही. न्यायनिवाडा ज्याच्या हातात होता त्यानं काही केलं नाही. अबशालोम अम्नोनशी बरं-वाईट एक अक्षर बोलला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, मिटलं. दोन वर्षं गेली, मेंढरांची लोकर कातरायचा सण आला, अबशालोमनं सगळ्या भावांना जेवायला बोलावलं आणि अम्नोनला तिथंच मारवलं. पुढं तोच अबशालोम बापावर उलटला, लढाई झाली, माणसं मेली, तोही मेला. आणि तामार? ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढंच तिच्याबद्दल लिहिलंय. सगळ्यांनी तिला गप्प केलं आणि तिच्या नावानं दुसऱ्यांनी रक्त सांडलं.

भाऊ, तुमच्या गावात चाललंय ते हेच. न्यायाचा रस्ता बंद केला की राग गोठ्याकडं जातो. कोर्टातली केस ही तुमच्या हातातली कुऱ्हाड खाली ठेवायची जागा आहे. ती काढून घेणारा माणूस शांती करत नाही, तो तुमच्यासाठी दुसरा रस्ता उरू देत नाही.

"दुसरा गाल पुढं करा" हे तुम्हाला ऐकवलं जाईल. त्यावर योहानाचा अठरावा अध्याय वाचा. महायाजकासमोर येशूला एका शिपायानं चपराक मारली. येशू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं. हात उचलला नाही, पण मारणाऱ्याला जाब विचारला. फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, असं चालणार नाही, चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. तोच पौल इफिसकरांना रागाबद्दल लिहितो हे विसरू नका.

मग क्षमेचं काय? तो प्रश्न टाळून मला पुढं जायचं नाही.

आमच्या परतवाड्याकडून मध्य प्रदेश लांब नाही. तिथं इंदूरजवळ उदयनगरला सिस्टर राणी मारिया नावाच्या केरळच्या धर्मभगिनी गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारीतून लोकांना सोडवायच्या, ते काहींना खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरच्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, समंदर सिंह नावाच्या तरुणानं त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनीच. सेल्मी जेलमध्ये जाऊन समंदर सिंहला भेटल्या आणि त्याला राखी बांधली, ते वर्ष होतं 2002. सात वर्षं लागली. तोपर्यंत खटला चालला होता, जन्मठेप झाली होती. पुढं कुटुंबानंच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि 2006 मध्ये तो बाहेर आला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

ही गोष्ट प्रवचनात सांगतात तेव्हा राखीपासून सुरू करतात. मला त्यातली सात वर्षं महत्त्वाची वाटतात. सेल्मींना कोणी दशक्रियेच्या आत राखी बांधायला नेलं नव्हतं. आणि ती राखी जेलमध्ये बांधली गेली, गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाच्या हाताला.

ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा लवकर आली, हेही खरं. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि मुलीला घेऊन बारीपदातच कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या, 2004 पर्यंत. पण त्यांच्या क्षमेनं खटला थांबला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2011 मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप तिथं कायम झाली. एकीची क्षमा लगेच आली, दुसरीची सात वर्षांनी. दोघींपैकी कोणाकडूनही ती सभेत उभं करून वसूल केलेली नाही, आणि न्यायाच्या कामात दोघींपैकी कोणाचीही क्षमा आड आली नाही.

तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेत त्या ओळीवर तुमचं तोंड बंद होतं, तर होऊ द्या. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. तिथं थांबल्यावर मनातल्या मनात एवढंच म्हणा, "बापा, हे मला म्हणता येत नाही, तू बघतोयस." आणि पुढची ओळ धरा. वधस्तंभावर येशू म्हणाला, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." खिळे ठोकणाऱ्यांची गोष्ट त्यानं बापाकडं नेली. तुमच्याकडून आज ती प्रार्थनाही होणार नाही कदाचित. मग ती प्रभूनं आधीच केलेली आहे, तिच्या आडोशाला बसून राहा. एक दिवस ते शब्द तुमच्या तोंडी येतील असं मला वाटतं. तारीख मी सांगणार नाही आणि मंडळीतल्या कोणीही सांगू नये.

पत्रात एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. पंच काय म्हणतात, मंडळीतले वडील काय म्हणतात, आई काय म्हणते, ते तरुण काय म्हणतात, सगळं तुम्ही लिहिलंत. बाबा काय म्हणतात ते कुठंच नाही. मार त्यांनी खाल्ला. क्षमा करायची तर पहिला हक्क त्यांचा, आणि केस लढायची की नाही हे सांगायचाही. ते जेवायला बसले की तुम्ही उठून बाहेर जाता. भाऊ, त्यांना वाटत असेल की पोराला आपली लाज वाटते. मी हात गेलेले, पाय गेलेले पुष्कळ पुरुष पाहिले. दुखण्यापेक्षा घरच्यांनी नजर चुकवली की ते जास्त खचत. आज रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवा. भाकर तुम्ही कुस्करून द्या. मग विचारा, "बाबा, तुमच्या मनात काय आहे?" ते जे सांगतील त्याला मध्ये तोडू नका, रागाचं असो नाहीतर रडण्याचं. आणि हाताचा व्यायाम सोडला असेल तर पुन्हा सुरू करा. कोमट पाण्यात हात बुडवून कापडाची घडी मुठीत दाबायची, पण किती आणि कशी ते जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारून. प्लेट टाकल्यावर व्यायामाअभावी सांधे आखडून बसलेले हात मी पाहिलेत. ढोलकवर थाप पडेल की नाही ते तिथले डॉक्टरच सांगू शकतील, पण विचारायला जा.

आईवर रागावू नका. तिला शत्रूची दया आलेली नाही, तिला तुमची भीती वाटते. नवऱ्याचा हात गेला, आता पोरगा जाऊ नये म्हणून ती केस सोडायला तयार आहे. कुऱ्हाड घरात नाही हे तिला दिसलं की तिचा सूर बदलेल.

आता थोडं ठाण्या-कोर्टाचं. हाड मोडणं ही कायद्यात गंभीर दुखापत आहे. पंचांसमोर कागदावर सही केली म्हणून अशी केस संपत नाही. अशा ज्या गुन्ह्यात तडजोडीला वाव असतो तिथंही कोर्टाची परवानगी लागते, आणि काही कलमांत तडजोड मुळीच होत नाही. तंटामुक्त समितीला हे नीट माहीत असतं, म्हणून कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या कागदावर बाबांचा डावा अंगठाही पडू देऊ नका. दवाखान्याचा खर्च ते देतो म्हणत असतील तर तसं कोर्टात म्हणू द्या. पोरगा घरासमोर गाडी रेस करतो त्याची तारीख-वेळ वहीत लिहा, जमलं तर मोबाईलवर घ्या, आणि ठाणेदारांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जमानतीवरचा आरोपी धमकावतो असं दिसलं तर जमानत रद्द करायचा अर्ज करता येतो, सरकारी वकिलांना भेटून विचारा. खाजगी वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा. धुऱ्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज टाका. मोजणी होईपर्यंत त्या बाजूच्या तासांची डवरणी दुसऱ्या कोणाला सांगा, तुम्ही एकटे तिकडं जाऊ नका.

व्हिडिओवाल्या तरुणांना नाही म्हणा. आपल्या लोकांवर श्रद्धेपायी हल्ले होतात, मनोहरपूर त्यातलंच. म्हणूनच जे तसं नाही त्याला ते नाव द्यायचं नाही. तुमच्याकडं भांडण धुऱ्याचं आहे, त्या घरानं तुमच्या आजोबांना खांदा दिलाय, हे तुम्हीच लिहिलंत. "खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा रागावलेल्या माणसालाही लागू आहे. तो व्हिडिओ तुमच्या गावातल्या उरलेल्या तीन घरांनाही भोवेल, आणि तालुक्यातले तरुण रात्री तालुक्याला निघून जातील.

झोपेचं दुखणं अंगावर काढू नका. रोज एकाच वेळी जाग, छातीत धडधड, तोच प्रसंग डोळ्यासमोर, हे मारामारीनंतर घरातल्या माणसांना होतं आणि त्यावर इलाज आहे. 14416 हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोठ्याकडं निघालात त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा आली तर आधी काकांचं दार वाजवा, मग हा नंबर लावा.

प्रश्न : सिस्टर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. नवरा दारू पिऊन मारतो. चर्चमधल्या पाळकीणबाई म्हणतात, इफिसकरांस पत्रात लिहिलंय, पतीच्या अधीन राहा, प्रार्थना कर, तो बदलेल. मी काही बोलत नाही. पण परवा मुलीनं दूध सांडलं तर मी तिला लाटण्यानं मारलं, तिच्या पाठीवर वळ उठला. माझा राग पाप आहे का? (पत्र थोडक्यात दिलं आहे.)

उत्तर : बाई, सलाम.

नवऱ्यानं मारल्याचा राग पाप नाही. तो मुलीच्या पाठीवर उतरला ते मात्र थांबवलं पाहिजे, आणि ते तुम्हालाही कळलंय, म्हणून तर लिहिलंत. आज मुलीला जवळ घेऊन सांगा, "दुधासाठी तुला मारायला नको होतं, चूक माझी होती." लेकरू एवढंसं असलं तरी त्याला हे समजतं.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पाळकीणबाईंनी मधूनच उघडला. त्याच्या आधीची ओळ एकमेकांच्या अधीन राहा अशी आहे, आणि पुढं नवऱ्यांना सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती करून स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा, आपल्या शरीरासारखी. ज्या नवऱ्याचा हात बायकोवर उठतो तो या अध्यायाचा आधार घेऊ शकत नाही. 1 शमुवेल 25 मध्ये अबीगईलचा नवरा नाबाल दारुडा आणि आडमुठा होता. त्याच्यापायी दावीद चारशे माणसं घेऊन चालून येतोय हे कळल्यावर ती नवऱ्याला न विचारता गाढवांवर भाकरी लादून सामोरी गेली आणि घरादाराचा जीव वाचवला. पवित्र शास्त्र तिला सुज्ञ म्हणतं.

तुम्हालाही घर वाचवायचंय, म्हणजे तुम्हाला आणि मुलीला. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा बायकोला त्याच घरात राहायचा हक्क देतो आणि नवऱ्याला मारझोड करायला कोर्टाकडून मनाई आणता येते. तालुक्यात संरक्षण अधिकारी असतात, अंगणवाडी सेविकेला विचारा, ती पत्ता सांगेल. 181 हा महिलांचा नंबर, जीवावर आलं तर 112. एक पिशवी भरून माहेरी किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा, त्यात आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक आणि थोडे पैसे. तो पिऊन आला की मुलीला घेऊन आधीच निघा, तो शुद्धीवर असताना बोला.

दवाखान्यात गेलात की सोबत सासू असेल, नवरा असेल, आणि नर्स विचारेल, काय झालं. माझ्या टेबलासमोर कितीतरी बाया "पायरीवरून पडले" म्हणाल्या आणि मागं उभा असलेला माणूस मान हलवत राहिला. तुम्ही नर्सला म्हणा, "यांना बाहेर पाठवा, मला एकटीला बोलायचंय." आणि केसपेपरवर "पडल्या" असं लिहू देऊ नका. "नवऱ्यानं मारलं" असं लिहून घ्या, कशानं मारलं तेही, आणि त्याची प्रत मागा.